आमच्या घरात दिवस सातलाच मावळायचा

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की माझ्या लातूरच्या घरमालकांना सूर्याचा राग यायला लागायचा. तो राग ते पोटात ठेवत नसत. संध्याकाळी गच्चीवर जाऊन, कमरेवर हात ठेवून मावळतीकडे तोंड करून उभे राहत आणि कामचुकार गड्याला बोलावं तसं त्याला बोलत.

"आलास कवा आन निघालास कवा? वैशाखात नको नको म्हणलं तरी डोस्क्यावर बसतोस. आता गरज हाय तर पळायलास व्हय?"

गल्लीतून जाणारे नवे लोक थांबून वर बघत. कुणीतरी भाडेकरू सामान बांधून निघालाय आणि मालक त्याला अडवतायत, असा त्यांचा समज होई. जुने लोक वर बघतही नसत. "दादा बोलायलेत सूर्याला," एवढंच म्हणत आणि गाडीचा दिवा लावून पुढे जात.

दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी अशा चारचौघांत सांगणं बरं नाही, हे मला कळतं. म्हणून लिहायला बसण्याआधी मी काकूंना, म्हणजे दादांच्या बायकोला, फोन केला. त्या म्हणाल्या, "लिहा की. फकस्त मी भज्जीत मीठ जास्ती टाकते असं लिहू नका." दादांना विचारलेलं नाही. ते 'नाही' म्हणाले असते आणि मग मला त्यांचं न ऐकता लिहावं लागलं असतं, ते जास्त वाईट.

माझं हे असं आहे. मला कशाचंही वाईट वाटतं. एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी शेजारच्याकडे बघवत नाही. नांदेडहून लातूरला बदली झाली तेव्हा बायको नांदेडच्याच शाळेत शिकवत होती, आई नुकतीच उमरीचं घर सोडून आमच्याकडे आली होती, आणि मी दोघींना एकमेकींवर सोपवून लातूरला एका खोलीत राहायला आलो. दिवसा ऑफिसात हे विसरायला व्हायचं. पण हिवाळ्यात ऑफिस सुटलं की बाहेर अंधार. आपण आत शिरलो तेव्हा ऊन होतं, मधला सगळा दिवस कुणीतरी उचलून नेला, आणि तिकडे घरी दोघी दिवा लावून बसल्या असतील, असं वाटून पाय जड व्हायचे.

खोली बघायला गेलो तेव्हा मी हे प्रामाणिकपणे सांगून टाकलं. म्हटलं, "एकटाच आहे. त्रास काही नाही. फक्त थंडीच्या दिवसांत संध्याकाळी मला करमत नाही."

दादांचा चेहरा उजळला. एवढा वेळ ते मला दारातच उभं करून प्रश्न विचारत होते. आता हाताला धरून आत नेलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "आगं च्या टाक. आपला मानूस आलाय."

त्या दिवसापासून मी 'नांदेडकर' झालो. भाडेकरूला नावानं हाक मारायची नाही, गावानं मारायची, ही त्यांची पद्धत. नाव कुणीही ठेवतं, गाव खोटं सांगता येत नाही, असं ते म्हणत.

घर साधं. मधे अंगण, एका बाजूला त्यांचं बैठं घर, समोर भाड्याच्या खोल्या, खाली दोन आणि वर दोन. मी वरच्या खोलीत. खाली इस्लापूरच्या ताई राहत, मुलीला घेऊन. मुलगी डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला जाई आणि आई तिला रांधून वाढायला गावचं घर सोडून आलेली. लातुरात अशा आया गल्लीगल्लीत आहेत. मुलीच्या हातात मोबाईल द्यायचा नाही असा ताईंचा नियम होता, त्यामुळे ती बिचारी अंगणातल्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळावर भरवसा ठेवून होती. तिथेच घोटाळा झाला.

कारण दादांच्या मते दिवस सातला मावळतो. उन्हाळ्यात मावळतो की नाही? मग हिवाळ्यातही त्यानं सातलाच मावळलं पाहिजे. त्याला जमत नसेल तर आपण घड्याळाला सांगायचं. आमच्या गल्लीच्या टोकाला मशीद आहे. संध्याकाळी तिथून मगरिबची बांग ऐकू आली की दादा स्टुलावर चढत आणि अंगणातल्या घड्याळाचे काटे सातवर आणून ठेवत. मग स्वयंपाकघरातलं घड्याळ. मग हातातलं.

"ह्या लोकांचं बगा," ते मला म्हणाले, "दिवस लहान झाला की बांगेची वेळ बी सरकवतेत. सूर्य मावळला म्हंजे मावळला. आन आपण? बारा म्हैने घड्याळाला चिटकून बसलाव, गोचिडासारखे."

"पण दादा, ते वेळ सरकवतात. तुम्ही घड्याळच सरकवताय."

"तेच की!" ते खूश होऊन म्हणाले, जणू मी त्यांचीच बाजू मांडली होती.

रोज थोडं थोडं करत मार्गशीर्ष लागेपर्यंत आमचं घर उरलेल्या देशाच्या तासभर पुढे जाई. पाण्याची मोटर, सकाळचा चहा, फाटकाचं कुलूप, सगळं घरच्या वेळेवर. मोबाईल दाखवला तर म्हणत, "ती सरकारी वेळ. उंबऱ्याच्या बाहेर वापरा."

मुलगी सकाळच्या क्लासला पोचली तेव्हा तिथला वॉचमन अंगावर चादर घेऊन झोपलेला होता. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी सरांनी सगळ्या वर्गासमोर तिचं कौतुक केलं, की बघा, जिद्द याला म्हणतात. ताईंना ते कळलं आणि त्या तडक अंगणात आल्या.

"दादा, पोरगी माही अंधारात जाऊन राहिली ना! कुत्रे मागं लागून राहिले तिच्या!"

"पैली आली का न्हाई वर्गात?"

"वर्गात नाही, फाटकात पहिली आली!"

"सुरवात फाटकातूनच व्हती, ताई."

ताईंनी दुसऱ्याच दिवशी बाजारातून एक लहानसं गजराचं घड्याळ आणलं आणि आपल्या खोलीत सरकारी वेळ लावली. दादा त्याला 'इस्लापूर टाइम' म्हणू लागले. चहाला बोलवायचं तर अंगणातून हाक येई, "ताई, तुमच्यात किती वाजले?"

मलाही त्या घड्याळानं एकदा फसवलं. शनिवारी मी नांदेडच्या बससाठी ठरल्या वेळेला स्टँडवर गेलो, तर वेळ व्हायला चांगलाच अवकाश होता. समोर आधीची गाडी उभी होती, तिच्यात बसलो. घरी पोचलो तर बायकोनं दार उघडून आधी माझ्याकडे आणि मग माझ्यामागे बघितलं. "ऑफिसातून पळून आलात?" मी खरं ते सांगितलं. तिला ते पटलं नाही. आईनं मात्र आनंदानं पिठलं टाकलं. आणि मला रात्रभर वाटत राहिलं की हा जास्तीचा तास आपण कुणाचातरी न विचारता उचलून आणला आहे. सोमवारी दादांना हे सांगितलं, तर म्हणाले, "मग ठिवा की उचललेला. सूर्यानं आपला उचलला तवा त्याला काय वाटलं व्हतं का?"

थंडीचाही त्यांना तेवढाच राग. फरक एवढाच की सूर्याला ते तोंडावर बोलत, थंडीला वागण्यातून कळवत. संक्रांतीपर्यंत स्वेटर घालायचा नाही. "थंडीला पाट दिला की ती ताट मागते," ही त्यांची म्हण. सकाळी कुडकुडत अंगणात बसत, दात वाजत, आणि मी मफलर गुंडाळून जिन्यावरून उतरलो की म्हणत, "आले, थंडीचे पाव्हणे आले." त्यांचं नाक गळत असे. ते म्हणत, धूळ हाय.

हे सगळं काकूंपायी आहे, असं गल्लीत बोललं जाई. काकूंना दिवस मावळला की दिसत नसे. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. दिवसा त्या सुई ओवत, डाळीतला खडा टिपत. संध्याकाळ झाली की डोळ्यांवर पडदा. विजेच्या दिव्यात थोडं दिसे, तेही नळकांड्यातून बघितल्यासारखं. सोलापूरला दाखवलं, हैदराबादला दाखवलं, दोन्हीकडे डॉक्टरांनी मान हलवली. त्यामुळे स्वयंपाक, जेवण, भांडी सगळं उजेडात आटपायचं, आणि हिवाळ्यात उजेडच आखडता.

पण दादांसमोर हे कुणी म्हणालं तर ते उसळत. "तिच्यासाठी? तिला काय करायचाय उजेड? माझं तोंड बगून बगून कट्टाळा आलाय तिला."

काकू आतून म्हणत, "ते मात्र खरंय."

त्याच काळात कधीतरी त्यांना आरशाची कल्पना सुचली. जुन्या कपाटाच्या दारातला आरसा त्यांनी काढला आणि माझ्या खोलीपुढच्या गॅलरीच्या कठड्यावर उभा केला. खाली अंगणात सावली आली तरी वरच्या गॅलरीत ऊन आणखी बराच वेळ असे. ते ऊन आरशात धरायचं आणि खाली काकूंच्या स्वयंपाकघराच्या दारात टाकायचं. सूर्य जसा सरके तसा आरसा कलवावा लागे. हे काम रविवारी माझ्याकडे आलं, कारण गॅलरी माझी आणि 'नाही' म्हणता न येणारा स्वभावही माझा. दादा खाली दारात उभे राहून हुकूम देत.

"डावीकडं. आजून. आजून. आरं ओट्यावर! ओट्यावर म्हणलं, तुळशीवर न्हाई!"

आतून काकूंचा आवाज. "नांदेडकर, डोळ्यात मारू नका! जे दिवसा दिसतंय ते बी घालवायलेत हे."

एकदा आरसा माझ्या हातून निसटता निसटता वाचला आणि उजेडाचा तो चौकोन गल्ली ओलांडून पलीकडच्या मुलांच्या होस्टेलवर गेला. दोन मजल्यांवरच्या सगळ्या खिडक्या पटापट उघडल्या. कुणी शिट्टी वाजवली. कुणीतरी हातातल्या लहान आरशानं उत्तर दिलं. थोड्याच वेळात आमच्या अंगणात आठ-दहा उजेडाचे ठिपके नाचायला लागले, भिंतीवर, दोरीवरच्या धोतरावर, दादांच्या टकलावर. मी कानकोंडा होऊन आरसा खाली ठेवला. दादा मात्र अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि हात वर करून ओरडले, "स्वयंपाकघरात मारा रे! सगळे मिळून स्वयंपाकघरात मारा!"

पोरांनी मारलं. काकू पदरानं डोळे झाकून बाहेर आल्या. इतकं हसत होत्या की त्यांना बोलता येईना.

आता येळवशीचं सांगतो. वेळ अमावस्या म्हणतात तिला, पण लातुरात तोंडात येळवसच. मार्गशीर्षातली अमावस्या, थंडी ऐन भरात. त्या दिवशी लातूर शहर रिकामं होतं. ज्याचं शेत आहे तो शेतावर जातो, ज्याचं नाही त्याला दहा ठिकाणांहून बोलावणं असतं. शेतात कडब्याची खोप करतात, आत चुना लावलेल्या पाच दगडांची पूजा, हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, खीर आणि मडकी भरून आंबील. संध्याकाळी गोवऱ्यांवर दूध उतू घालवतात. आणि अंधार पडला की कडब्याची पेंढी पेटवून, तो टेंभा घेऊन, "ओलगे ओलगे" ओरडत शेताला फेरी मारतात.

त्या फेरीवर काकूंचा जीव होता. नवी नवरी म्हणून पहिल्या येळवशीला त्या टेंभ्यामागे धावल्या होत्या आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर आला म्हणून सासूनं त्यांना झापलं होतं. ही गोष्ट त्या मला आणि ताईंना दर आठवड्याला सांगत. पण डोळे गेल्यापासून दादा त्यांना उजेड असतानाच घरी आणत. दूध उतू गेलेलंही त्यांनी बघितलं नव्हतं.

"एकडाव," त्या म्हणायच्या. "एकडाव मला फेरी मारायचीय. मग खुशाल कोंडून ठिवा."

"बांधावरून पाय घसरला तर?" दादा म्हणत. "अमावशा हाय. म्हसणासारखा काळोख आस्तो."

"मला रोजच अमावशा हाय की."

इथे दादा उठून गच्चीवर जात आणि सूर्याला शिव्या देत.

एरवी पुतण्याची जीप त्यांना न्यायची-आणायची. त्या वर्षी पुतण्या पुण्याला गेला होता. दादांना स्वतःला सायकलपलीकडे काही चालवता येत नसे. म्हणून सकाळी पलीकडच्या गल्लीतला एक ऑटोवाला ठरवला. मी आणि ताई मायलेकीही निघालो होतो. मडकी, डबे, चादरी ऑटोत रचून झाल्या, आणि औशाच्या वाटेवरच्या शेतात आम्हाला उतरवून ऑटो वळवताना त्या पोरानं विचारलं, "परत कवा येऊ, दादा?"

दादांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. "सहाला ये. बरोबर सहाला. येक मिनिट उशीर नको."

"सहाला आलोच."

मी तोंड उघडलं. दादांच्या घड्याळात सहा वाजतील तेव्हा त्या पोराच्या मोबाईलात पाचही वाजलेले नसणार होते, आणि त्याच्या मोबाईलात सहा वाजतील तेव्हा दिवस मावळून गेलेला असणार होता. एवढा हिशेब मलाही येतो. पण ऑटोपलीकडे काकू डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन उभ्या होत्या. एक हात मडक्याला, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. माझ्याकडे त्या अशा बघत होत्या की मी उघडलेल्या तोंडानं जांभई दिली.

ऑटो गेला. ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या तोंडावर सगळं दिसून राहिलं. पलीकडं पाहा."

तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. दादा मला प्रेमानं वाढत होते. त्यांनी स्वतःच्या हातानं भज्जीचं पातेलं माझ्यापुढे ओढलं. आंबील पाजली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. शेतात हरभरा घाट्यांना आला होता, ज्वारीची ताटं डोक्यावर गेली होती, करडई काटे फुलवून उभी होती. मी सगळ्याला चांगलं म्हणत होतो आणि प्रत्येक घासाला वाटत होतं की या माणसाला सांगून टाकावं. दोनदा मी "दादा" म्हणून सुरुवात केली. दोन्ही वेळा काकूंनी माझ्या पानात उंडा टाकला. तिसरा उंडा खाणं शक्य नव्हतं म्हणून मी गप्प झालो.

दादांच्या घड्याळात सहा वाजले. ऑटो नव्हता. त्यांनी चादरी घड्या करून ठेवल्या. सव्वासहा. ते बांधावर जाऊन रस्त्याकडे बघून आले. आता ऊन तिरकं झालं होतं, ज्वारीच्या सावल्या खोपीपर्यंत आल्या होत्या. साडेसहाला त्यांनी फोन लावला. आवाज मोठा ठेवायची त्यांना सवय होती, त्यामुळे पलीकडचं सगळ्यांना ऐकू आलं.

"आरं कुठायस?"

"शेतावर हाय दादा. जेवायलोय."

"जेवायलास? सहाला ये म्हणलं व्हतं का न्हाई?"

"व्हय, सहाला येतोच की. आजून साडेपाच बी झाले न्हाईत."

दादांनी फोन कानापासून दूर धरून बघितला. मग मनगटाकडे बघितलं. मग सूर्याकडे. तिघांत कुणाला बोलावं हे त्यांना ठरवता येईना. पलीकडून पोरगा म्हणाला, "आता लगेच निघलो तरी पोचायला सहाच व्हतेत. येळवशीच्या दिवशी दुसरा ऑटो कुठं घावतो? येतो म्या," आणि फोन ठेवला.

दादा हळूहळू माझ्याकडे वळले. "नांदेडकर. तुमाला कळलं व्हतं?"

त्यांनी एवढंच विचारलं होतं. मी मात्र सगळं सांगून टाकलं. सकाळीच कळलं होतं, हे सांगितलं. काकूंच्या बोटाचं सांगितलं. मी गॅलरीतला आरसा कधीकधी मुद्दाम तुळशीवर पाडतो, कारण हात दुखतात, हे सांगितलं. मागच्या महिन्यात त्यांच्या घड्याळाचे काटे मी एकदा गुपचूप मागे केले होते, तेही सांगितलं. ताई म्हणाल्या, "बस करा भाऊ, ते काही विचारून नाही राहिले." पण मला थांबता येईना. काकूंचं ताकाचं भांडं मांजरानं नाही, मी सांडलं होतं, तेही सांगितलं.

दादांनी शेवटपर्यंत ऐकलंच नाही. ते काकूंचा दंड धरून उभे होते. सूर्य ज्वारीच्या शेंड्यांना टेकला होता. "आता कसं करायचं? आता अंधार पडंल. तू खोपीत बस. हलू नकोस. पाणी पायजे का? ये, हिकडं बस. आगं बस म्हणलं ना!"

काकू बसल्या नाहीत. गोवऱ्यांवर दूध चढवलेलं होतं, त्याचा आवाज येत होता. वाटेकरी, जो त्यांचं शेत करायचा, तो पेंढी बांधत होता. सगळे दादांकडे बघत होते.

"किती भ्यालाव," काकू म्हणाल्या.

"मी? मी कशाला भ्यायलो? तुला दिसत न्हाई म्हणून—"

"मला दिसत न्हाई, मी गप बसते. अंधार पडला की भिंतीला टेकून बसते, देवाचं नाव घेते, झोपते. माझं काय आडत न्हाई. तुमीच घरभर फिरता. ह्या खोलीतून त्या खोलीत. हाय का गं, आहेस का गं, जागी हायस का गं. मी कुठं जाणार? दिसत न्हाई मला, आन अंधारात चाचपडायलाव तुमी."

दादांनी काकूंचा दंड सोडला. तेवढ्यात दूध उतू गेलं. पूर्वेच्या अंगानं गेलं. वाटेकरी ओरडला, "पाऊस तिकडून हाय औंदा!" आणि कुणी काही ठरवायच्या आत त्यानं पेंढीला काडी लावली.

"द्या हिकडं," काकू म्हणाल्या.

"तू धरणार? हात भाजंल. आण, मी धरतो."

"मग धरा. आन चला म्होरं."

दादा टेंभा घेऊन पुढे निघाले. मागे काकू, त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून. त्यांच्यामागे आम्ही. 'ओलगे ओलगे' म्हणायचं दादांच्या तोंडून निघेना, म्हणून ताई ओरडत होत्या. इस्लापूरकडे येळवस नसते, त्यामुळे त्यांना पुढचं येत नव्हतं, पण आवाज चांगला होता. दादा एक पाऊल टाकत आणि मागे वळून बघत. एक पाऊल, आणि मागे. "हायस का? दगड हाय बग. हळू."

"मला ठावं हाय कुठं दगड हाय. म्होरं बगा."

त्यांनी पुढे बघितलं नाही. मागे बघता बघता त्यांचा पाय बांधावरून सटकला आणि ते सरळ करडईत जाऊन बसले. ज्यांनी करडई बघितली नाही त्यांनी एवढंच समजावं की तिच्यात बसायचं नसतं. दादांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या शेतातून कुणीतरी त्याला उत्तर दिलं, त्यांना वाटलं आमची फेरी जोरात आहे. टेंभा हातातून उडून ढेकळांत पडला आणि विझला.

मी धावलो. माझ्यामुळेच हे झालं असं म्हणत होतो. काकू जागच्या हलल्या नव्हत्या. सदऱ्याचं फाटलेलं टोक त्यांच्या हातात राहिलं होतं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं, आणि होस्टेलच्या पोरांनी आरसे मारले होते तेव्हा हसल्या होत्या तशा हसायला लागल्या.

"करडईत गेले व्हय? लागलं का?"

"न्हाई," दादा आतून म्हणाले.

"सासूबाई असत्या तर आज तुमाला झापल्या असत्या."

आम्ही दादांना वर काढलं. ताईंनी मोबाईलचा दिवा धरला आणि वाटेकऱ्यानं त्यांच्या धोतरातले काटे वेचले. काकू बांधावर बसल्या होत्या. थोड्या वेळानं दादा लंगडत त्यांच्याशेजारी गेले आणि बसायचा प्रयत्न केला, पण बसता येईना. म्हणून उभेच राहिले.

"झाली का फेरी?" त्यांनी विचारलं.

"आर्धी झाली. विहिरीकडची राह्यली."

वाटेकरी दुसरी पेंढी घेऊन आला. "दादा, हाय आजून एक. पेटवू का? ऑटो येईल इतक्यात."

दादांनी पेंढी हातात घेतली. काकू उठल्या तसा या वेळी त्यांचा हात दादांनी स्वतःच ओढून आपल्या खांद्यावर ठेवला. मग मावळतीकडे बघितलं. ज्वारीच्या वर अजून एक तांबडी रेघ होती, तिच्या उजेडात ताटांचे शेंडे एकेक दिसत होते. ते एक हात कमरेवर ठेवून त्या रेघेकडे बघत राहिले.

"थांब रे जरा," ते वाटेकऱ्याला म्हणाले. "आधी नीट अंधार पडू दे."